बोडीतील माशांची मोजदाद

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात शेताच्या वरच्या अंगास मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडविण्याची रीत फार जुनी आहे. गावाचा मोठा तलाव निराळा आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या धुऱ्यातील बोडी निराळी. मोठे तलाव मालगुजारांच्या काळी गावाच्या कारभारात होते. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले, आणि आता त्यांतील मासळीचा ठेका बहुधा ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. बोडी मात्र आजही खाजगीच राहिली आहे. दहा गुंठ्यांपासून एकर-दीड एकरापर्यंत तिचा विस्तार असतो. आश्विनात पावसाने दगा दिला, तर लोंबीवर आलेला धान याच पाण्यावर तरतो. बोडी प्रथम धानासाठी आहे. मासा हे तिचे दुसरे पीक होय.

हे दुसरे पीक अनेकांच्या हाती लागत नाही. बीज सोडले जाते, वर्षभर वाट पाहिली जाते, आणि माघ-फाल्गुनात जाळे ओढले की बोटभर लांबीची मासळी हाती येते. पुढील वर्षी आणखी जास्त बीज सोडले जाते व मासळी आणखी बारीक निघते. अशी तीन-चार वर्षे गेल्यावर शेतकऱ्याच्या मनात बोडी बुजवून तेथे आणखी दोन बांध्या काढाव्यात असा विचार येऊ लागतो. बोडी बुजली की मासा जातोच, पण आश्विनातील ते एक पाणीही जाते. म्हणून माशांची वाढ का खुंटते हा प्रश्न केवळ मासळीचा नाही.

चार ढीग

अशाच एका बोडीची हकीकत येथे उपयोगी पडेल. बोडी वीस गुंठ्यांची. मध्यभागी तीन गुंठ्यांचे एक डबरे, जे भर वैशाखातही आटत नाही. मालकाने तीन वर्षे दरसाल दहा हजार नखाएवढे मत्स्यबीज फिरत्या विक्रेत्याकडून घेऊन सोडले होते. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पाणी डबऱ्यापुरते उरले तेव्हा त्याने गावातील एका वृद्ध ढीवरास जाळे घेऊन बोलाविले. सकाळभर जाळे ओढून जे निघाले ते पाहून मालकाचा संताप अनावर झाला.

"बीजवाल्यानं फसवलं, बुवा. खोटं बीज दिलं."

म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. त्याने पाळीवर पळसाची पाने अंथरली आणि पाटीतील मासळी निवडून चार ढीग केले. मग तो म्हणाला, "पाटील, बीज खोटं नाही. बोडी भरलेली आहे."

"भरलेली? चार वेळा जाळं ओढलं, एक पाटी धड भरली नाही!"

"मासा पाटीत मोजू नका. तोंडं मोजा. खाणारी तोंडं किती आणि खाणं किती, ते पाहा."

त्या चार ढिगांत बोडीचा सगळा इतिहास लिहिलेला होता. पहिल्या ढिगात चार मरळ होते, एकेक किलो-सव्वा किलोचा. दुसऱ्यात तळहाताहून लहान चिलापी, म्हणजे तिलापिया. हा ढीग सर्वांत मोठा. तिसऱ्यात रोहू, मृगल आणि थोडे कटले. वय वर्ष-दीड वर्ष, पण वजन पन्नास-साठ ग्रॅम. त्यांची डोकी मोठी, डोळे मोठे, अंगे मात्र सडपातळ होती. चौथ्यात कोठूनही न आणलेली, ओढ्याच्या पाण्याबरोबर आपोआप आलेली बारीक मासळी.

तिसऱ्या ढिगातील मासा लहान दिसतो, पण तो वयाने लहान नसतो. पोट न भरल्याने अंग वाढले नाही, हाडे व डोके मात्र वयाप्रमाणे वाढली. एखादा मासा लहान आहे की खुंटलेला आहे, हे ओळखण्याची ही सोपी खूण गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी. दोन्हींवरील उपाय अगदी उलट आहेत. लहान मासा असेल तर वाट पाहावयाची. खुंटलेला असेल तर संख्या कमी करावयाची.

बोडी किती मासा पोसते?

गुराढोरांच्या बाबतीत हा हिशेब शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. चार जनावरांपुरत्या कडब्यावर वीस जनावरे बांधली, तर वीसही मरत नाहीत, पण वीसही हाडे होतात. पाण्यातील चारा डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक. सूर्यप्रकाश आणि शेणखत यांच्या योगाने पाण्यात हिरवट सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव पोसले जातात, आणि त्या दोहोंवर मासा वाढतो. या चाऱ्यास मर्यादा आहे; म्हणून एका बोडीत पोसल्या जाणाऱ्या मासळीच्या एकूण वजनासही मर्यादा आहे. संख्या वाढविल्याने हे वजन वाढत नाही. ते फक्त अधिक तोंडांत वाटले जाते.

समजा, वीस गुंठ्यांची बोडी शेणखताच्या जोरावर एका हंगामात तीनशे किलो मासळी पोसू शकते. तिच्यात सहाशे मासे असतील, तर प्रत्येकाचे वजन अर्धा किलो होईल. सहा हजार असतील, तर पन्नास ग्रॅम. बोडीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, पण बाजारात अर्ध्या किलोच्या रोहूस जो भाव मिळतो तो पन्नास ग्रॅमच्या रोहूस मिळत नाही. शिवाय जेवढी तोंडे अधिक, तेवढा चारा वाढीऐवजी निव्वळ जगण्यावर खर्च होतो. म्हणून प्रत्यक्षात दुसऱ्या बोडीचे उत्पन्न तीनशे किलोही भरत नाही.

आता संख्या वाढते कशी? येथे माशांच्या जातींतील एक मोठा भेद जाणून घेतला पाहिजे. कटला, रोहू व मृगल हे आपले तीन प्रमुख मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते, चढते पाणी लागते. लहान बोडीत त्यांची संख्या सोडली त्याहून वाढणे शक्य नाही. घटली तर घटेल. फार वर्षे या माशांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे, आणि त्यात भक्षक माशांची पिले बेमालूम मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि तेव्हापासून शुद्ध जातीचे बीज केंद्रांतून मिळू लागले. १० जुलै हा दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच.

चिलापीची गोष्ट निराळी आहे. मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो काटक, चवीस बरा आणि कमी प्राणवायूतही तगणारा. पण दोन-तीन महिन्यांचा होताच तो वयात येतो. मादी अंडी तोंडात धरून उबविते व पिले पोहू लागल्यावरही धोका दिसताच पुन्हा तोंडात घेते. त्यामुळे पिलांचा नाश फारच थोडा होतो, आणि वर्षातून अनेक वेळा हे चक्र फिरते. जून महिन्यात बोडीत चुकून गेलेल्या चार जोड्या माघापर्यंत सर्व चारा आपल्या वंशाच्या ताब्यात देतात. पाळलेल्या माशाच्या वाट्यास येते ते उरलेसुरले. सायप्रिनस हा मासाही साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, परंतु त्याची अंडी पाणवनस्पतींस चिकटतात. माघात व पुढे उन्हाळ्याच्या तोंडी असे चिकट अंड्यांनी भरलेले शेवाळ व पाणगवत काठावर ओढून टाकले की त्यास आळा बसतो. चिलापीला असा सोपा उपाय नाही.

मरळाचा न्याय

पहिल्या ढिगातील चार मरळ पाहून मालक थोडा सुखावला होता, कारण मरळास बाजारात चांगला भाव असतो. परंतु नखाएवढे बीज व पोसलेले मरळ एका पाण्यात राहिले, तर बीज हे मरळाचे खाद्य ठरते. दहा हजारांचे बीज कोठे गेले याचे निम्मे उत्तर त्या पहिल्या ढिगात होते. शिवडा व शिंगाळा हेही याच पंथाचे. बोडीत भक्षक मासा आहे अशी नुसती शंका असली तरी चार इंचांहून लहान बीज सोडू नये.

मरळाचा बंदोबस्त करणे मात्र सोपे नाही. तो हवेतून श्वास घेतो. त्यामुळे बोडी आटली तरी ओलसर चिखलात तो दडून राहतो आणि पहिल्या पावसात ओल्या गवतावरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जातो. बोडी कोरडी झाली म्हणून मरळ गेला असे कोणी समजू नये. त्यास धरण्याची उत्तम संधी तो स्वतःच देतो. पावसाळ्यात काठाजवळच्या गवतात त्याची तांबूस-नारिंगी पिले एका गोळ्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी खेळताना दिसतात आणि खाली आई-बाप पहारा करीत असतात. हा गोळा दाट कापडाच्या झोळीने एकदम उचलता येतो. पहारेकरी मरळही त्या वेळी जागा सोडीत नाही, म्हणून गळास किंवा फेकजाळ्यास सहज सापडतो. हे कसब ढीवर बांधवांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. शेतकऱ्याने ते त्यांच्याकडूनच शिकावे, किंवा त्यांना बोलावून मासळीत वाटा द्यावा.

चौथ्या ढिगाविषयी थोडे वेगळे मत मांडणे आवश्यक आहे. बारीक मासळी ही पाळलेल्या माशाच्या चाऱ्यात वाटेकरी असते हे खरे, आणि म्हणून पुस्तकांतून तिला तणाची उपमा दिलेली आढळते. पण ही मासळी काट्यासकट खाल्ली जाते. घरच्या मुलाबाळांस तीतून जे चुन्याचे सत्त्व व जीवनसत्त्व मिळते ते मोठ्या रोहूच्या तुकड्यात तेवढे नसते. तिचा समूळ नाश करण्याच्या मागे लागण्यापेक्षा बारीक आसाच्या जाळ्याने ती आठवड्यास काढून घरी शिजवावी. चारा वाचतो आणि आमटीही होते.

वैशाखातील साफसफाई

त्या बोडीचे पुढे काय केले हे आता पाहू. फेब्रुवारीत जे निघाले ते विकून टाकले. वैशाखाच्या सुरुवातीस पाणी केवळ डबऱ्यात, सरासरी एक मीटर खोल उरले. डबरे उपसून कोरडे करता आले असते तर सर्वोत्तम. पण झऱ्यामुळे ते साधले नाही. तेव्हा मोहाची पेंड वापरण्याचे ठरले.

मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर राहिलेल्या पेंडीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते माशांच्या रक्तावर परिणाम करते व मासे वर येऊन मरतात. पुढे पेंड कुजून तिचे खत होते हा अधिक लाभ. प्रमाण पाण्याच्या एका घनमीटरास पाव किलो. तीन गुंठे म्हणजे सुमारे तीनशे चौरस मीटर. खोली एक मीटर. म्हणजे पाणी तीनशे घनमीटर, आणि पेंड पंचाहत्तर किलो. हेच काम बोडी दीड मीटर भरलेली असताना काढले असते, तर साडेसातशे किलो पेंड लागली असती. या कामास वैशाख हाच महिना योग्य का, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

पेंड रात्रभर भिजवून सकाळी उन्हाच्या आत सर्व पाण्यावर सारखी शिंपावी व जाळे ओढून पाणी ढवळावे. चिलापी व इतर मासे काही तासांत वर येतात. मरळास वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही काठ व चिखल तपासावा. या पेंडीने मेलेला ताजा मासा खाण्यास चालतो. पाण्याचा विषारीपणा पंधरा ते वीस दिवस टिकतो. तोवर गुरे तेथे पाजू नयेत व ते पाणी कोणाच्या शेतात किंवा ओढ्यात सोडू नये. बीज सोडण्यापूर्वी चार-पाच मासे कापडी पिंजऱ्यात घालून एक दिवस त्या पाण्यात ठेवावे. जगले तर पाणी निवळले असे समजावे. गावाच्या सामाईक तलावात किंवा नाल्यात मात्र हा प्रयोग कदापि करू नये. तेथे देशी माशांचे बी टिकून राहणे हेच गावाच्या हिताचे आहे. आणि काही ठिकाणी पिकावरचे कीटकनाशक ओतून मासे मारण्याची जी वाईट चाल पडली आहे, तिच्याविषयी अधिक लिहावयास नको. तसा मासा खाणारा व ते पाणी पिणारे जनावर दोघेही धोक्यात येतात.

मृगापूर्वी सबंध तळास पन्नास किलो चुना मारला आणि पाणी साठू लागताच चारशे किलो शेणखत काठाने पसरले. वर्षाचे एकूण खत सुमारे दोन टन. बाकीचे दरमहा थोडे थोडे. येव्याच्या तोंडाशी व सांडव्यावर बारीक नायलॉनची जाळी बसविली. बांबूची चटई मोठा मासा अडविते, परंतु चिलापीची पिले तिच्यातून आरपार जातात. जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबले व पाळीवरून वाहिले तर पाळही जाते आणि मासाही जातो, म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती झाडावी. पहिल्या दोन-तीन पावसांपुरते पाळीच्या कडेने गुडघाभर उंचीचे जुने जाळे उभे केल्यास सरपटत येणारा मरळही थांबतो.

नव्या बीजाची निवड

आषाढात एक हजार बोटुकली सोडली: कटला चारशे, रोहू तीनशे, मृगल तीनशे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. त्यामुळे तिघांची एकमेकांशी स्पर्धा कमी. हे बहुतेकांस ठाऊक आहे. ठाऊक नसते ते असे की बोडीचा हंगाम जेमतेम सात-आठ महिन्यांचा असल्याने नखाएवढे बीज तेथे पुरेसे वाढू शकत नाही. या बोडीत मागील वर्षाचे, दाटीने ठेवून वाढ रोखलेले, पन्नास-साठ ग्रॅमचे बीज सोडले. असे बीज महाग पडते, परंतु मोकळे पाणी व भरपूर चारा मिळताच ते झपाट्याने वाढते. दाटीने मासा खुंटतो हाच दोष येथे उपयोगी पडतो, एवढी मौज आहे. पण तीच दाटी अनेक वर्षे चाललेल्या बोडीतील खुंटलेला मासा बीज म्हणून विकत घेऊ नये. त्यात चिलापीची पिले कधी येतील सांगता येत नाही. परदेशी, म्हणजे थाई मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तर तोही नाकारावा. तो अत्यंत खादाड भक्षक असून त्याच्या पालनास देशात २००० सालापासून बंदी आहे. देशी मागूर निराळा.

पाण्यात न उतरता गणती

नोव्हेंबरच्या मध्यास धानाची शेवटची पाळी दिल्यावर मालकाने विचारले, "आता आत किती मासा आहे हे कसं समजणार? खाद्य कोणत्या हिशेबानं द्यायचं?"

म्हाताऱ्याने पाण्यावरील खळबळ पाहून अंदाज सांगितला, "पाऊण हजार असतील." त्याचा अंदाज किती बरोबर होता ते पुढे दिसेल. मात्र ज्यास असा पन्नास वर्षांचा डोळा नाही, त्याच्यासाठी गणिताची एक रीत आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ साली माशांवर खुणा करून जी पद्धत वापरली तिच्यावरून ती पुढे जगभर रूढ झाली, आणि ती त्रैराशिक येणाऱ्या कोणासही करता येते.

थंड सकाळी बोडीच्या निरनिराळ्या बाजूंस फेकजाळे टाकून रोहू धरले. अठ्ठेचाळीस मिळाले. ओल्या हातांनी धरून प्रत्येकाच्या पोटाखालील जोडपरांपैकी डाव्या पराचे टोक लहान कात्रीने कापले व मासा लगेच पाण्यात सोडला. याने माशास फारशी इजा होत नाही व पर पुन्हा वाढतो. चार दिवस मासे एकमेकांत मिसळू दिले. पाचव्या दिवशी पुन्हा निरनिराळ्या जागी जाळे टाकून चाळीस रोहू धरले. त्यांत आठांचे पर कापलेले होते.

म्हणजे पाचांत एक खुणेचा. खुणेचे एकूण अठ्ठेचाळीस, तर सर्व रोहू त्याच्या पाचपट, दोनशे चाळीस. तीनशे सोडले होते. साठ कमी झाले. ही घट साधारण समजावी. निम्म्याहून कमी उरले असते तर बोडीत भक्षक राहिला आहे, किंवा सांडव्याची जाळी फाटली आहे, किंवा रात्री कोणी पाहुणे येऊन गेले आहेत, असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्येक जातीची गणती निराळी करावी लागते, कारण कटला जाळ्यास सहज येतो आणि मृगल तळाशी बसून चुकवितो. दोन्ही वेळा एकाच कोपऱ्यात जाळे टाकणे ही सर्वांत मोठी चूक. मग खुणेचेच मासे पुन्हा येतात आणि बोडी रिकामी असल्याचा भास होतो. पुनःपकडीत खुणेचे मासे दोन-तीनच सापडले तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, दुसऱ्या आठवड्यात गणती पुन्हा करावी.

याच रीतीने कटले तीनशे व मृगल दोनशे वीस निघाले. एकूण सातशे साठ. म्हाताऱ्याचा पाऊण हजार फारसा चुकला नव्हता.

वजनही त्याच वेळी घेतले. चाळीस रोहूंचे बारा किलो, म्हणजे प्रत्येकी तीनशे ग्रॅम, मृगल तेवढेच, कटले चारशे ग्रॅम. सर्व मिळून दोनशे अठ्ठावन्न किलो मासळी पाण्यात होती. खाद्य तिच्या शेकडा दोन किलो या प्रमाणात, म्हणजे दररोज सुमारे पाच किलो. निम्मी भुईमुगाची पेंड, निम्मा भाताचा कोंडा. अंदाजाने पाटीभर खाद्य ओतणाऱ्याचे पैसे तळाशी कुजतात आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. पहाटे असे दिसले की खाद्य व खत दोन्ही थांबवावे व ताजे पाणी सोडावे किंवा पाणी खळबळावे. दुपारी हात पाण्यात कोपरापर्यंत बुडविला असता तळवा अंधुक दिसावा. त्याआधीच दिसेनासा झाला तर पाणी अधिक हिरवे आहे, खत नको.

काढणी एकदम नव्हे

मासळी एकाच दिवशी काढण्याची सवय सोडणे हे या व्यवस्थापनाचे शेवटचे अंग होय, आणि कदाचित सर्वांत कठीण, कारण व्यापारी एकदम मालाची मागणी करतो. पौषापासून बोडीचे पाणी उतरू लागते. वीस गुंठ्यांचे पाणी दहा गुंठ्यांवर आले की तेवढाच मासा निम्म्या जागेत येतो. चारा निम्मा, प्राणवायू निम्मा. पाणी निम्मे झाले तर मासळीचे वजनही निम्मे झाले पाहिजे, हा हिशेब पाळीवरील एखाद्या दगडावर खूण करून सांभाळता येतो. या बोडीत डिसेंबरअखेर अर्ध्या किलोवरील कटले मोठ्या आसाच्या जाळ्याने प्रथम काढले. जानेवारीत दोनदा रोहू निघाले. राहिलेल्यांना जागा मिळाली व ते फेब्रुवारीपर्यंत वाढत राहिले. मृगल शेवटी, पाणी डबऱ्यात उतरल्यावर निघाले. ते आधी निघतही नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या ओढणीत एक चिलापी सापडली, तळहाताएवढी. मालकाने ती पाण्यात परत टाकण्यासाठी हात उचलला.

"थांबा पाटील," म्हातारा म्हणाला आणि त्याने तिचा जबडा अंगठ्याने उघडून दाखविला. आत मोहरीच्या दाण्यांपेक्षा मोठी पिवळी अंडी भरली होती. "ही एकटी नाही."

ती कोठून आली याचा शोध घेतला तेव्हा येव्याच्या जाळीला उंदराने पाडलेले एक भोक सापडले. जाळी त्याच दिवशी बदलली. पण पिले किती झाली असतील याचा भरवसा नव्हता. म्हणून वैशाखात डबऱ्यासाठी पुन्हा पंचाहत्तर किलो मोहाची पेंड घ्यावयाची नोंद मालकाने वहीत करून ठेवली, आणि त्याखाली अर्धबोटुकली दाटीने वाढविण्यासाठी डबऱ्याशेजारी दोन गुंठ्यांचा एक खड्डा खणण्याचा अंदाजखर्च मांडला.